इंजिनाकडे पाठ करून

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी सहाला आम्ही साताऱ्यातून निघालो. गाडीच्या डिकीत अरविंदांचा कॅमेरा, तिवई, पाण्याचे दोन कॅन, घडीच्या खुर्च्या आणि माझी पाच किलो फक्की होती. फक्की म्हणजे मैदानावर रेघा मारायची पांढरी पूड. एकतीस वर्षं मी मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवली. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी फक्की घरात असते ती असतेच. पनवेलला वाफेचं इंजिन बघायला निघालेल्या बाईला फक्की कशाला लागते, असं कुणालाही वाटेल. त्याला कारण आहे.

अरविंद म्हणजे माझे यजमान. वय सहासष्ट, आणि कळायला लागल्यापासून रेल्वेवेडे. त्यांच्यासारख्यांचा मोबाइलवर एक गट आहे, 'धूर मंडळ' नावाचा. कुठं कुठलं इंजिन येणार याची बातमी या मंडळींना स्टेशनमास्तरच्या आधी कळते. मग फोटोसाठी कुंपणाखालून सरपटणं, पुलाच्या कठड्याला चिकटून उभं राहणं, रुळांवर जाऊन बसणं, सगळं चालतं. रुळांवर जायला कायद्यानं बंदी आहे हे त्यांना इतर कुणाहीपेक्षा जास्त ठाऊक असतं, कारण त्या मनाईच्या पाट्यांचेही फोटो त्यांनी काढलेले असतात.

दोन वर्षांपूर्वी याच मंडळातले मोहन, अरविंदांचे कॉलेजपासूनचे मित्र, एका रुळावर उभे राहून शेजारच्या रुळावरच्या गाडीचा फोटो काढत होते. ते उभे होते त्याच रुळावर मागून दुसरी गाडी आली. मोहन जागच्या जागी गेले. अरविंद तिथून दहा पावलांवर होते. त्या दिवसाबद्दल ते घरात एक अक्षरही बोलले नाहीत. मीच काय ती बोलले. साठी उलटलेली माणसं अक्कल घरी ठेवून रुळावर कशी जातात, असं मी मोहनच्या तेराव्याहून परतताना गाडीत म्हटलं होतं. अरविंद खिडकीतून बाहेर बघत राहिले. पुढं दीड वर्ष कॅमेरा कपाटात होता.

मग मंडळावर निरोप आला. पनवेलहून पेणच्या दिशेनं वाफेच्या इंजिनाची एक खास गाडी सुटणार होती. अरविंदांचं लहानपण वाठारला गेलं. शाळेला जायचे ते कोळशाच्या गाडीनंच. आमच्या बाजूनं शेवटचं वाफेचं इंजिन गेलं तेव्हा ते नोकरीपायी परमुलखात होते, ही चुटपुट त्यांनी चाळीस वर्षं जपली आहे. संग्रहालयातली इंजिनं त्यांनी पुष्कळ पाहिली, पण ती थंड. "थंड इंजिन म्हणजे भिंतीवरची तसबीर," असं ते म्हणतात. हे इंजिन चालतं होतं. ते मला म्हणाले, "मी जाऊ का?" लग्नाला अडतीस वर्षं झाली, पण त्यांनी कुठं जायला माझी परवानगी मागितल्याचं आठवत नाही.

मी म्हटलं, "जा. पण मी बरोबर येणार. आणि रुळांवर पाय ठेवायचा नाही."

"नाही ठेवणार," ते म्हणाले.

पण असं कबूल करून मधल्या सुट्टीत कुंपणावरून उड्या मारणाऱ्या मुली मी कैक बघितल्यात. म्हणून फक्की घेतली. जिथं उभं राहायचं तिथं रेघच मारायची, असं ठरवलं. इंजिन दिसलं काय, न दिसलं काय, माझा नवरा मला संध्याकाळी धडधाकट घरी आणायचा होता. प्रवासाचा माझा उद्देश एवढाच होता.

निघताना त्यांनी एकच विचारलं, "नलू, तुझी शिट्टी कुठंय?"

"शाळेची? कशाला?"

"असू दे बरोबर."

मी ती ड्रॉवरमधून काढून दिली. ती त्यांनी शर्टाच्या खिशात टाकली आणि वरून खिशाचं बटण लावलं. म्हातारपणी काय काय सुचेल सांगता येत नाही, असं म्हणून मी गाडीत बसले.

पुण्याच्या बाहेरून निघून घाट उतरलो. वर स्वेटर घालून बसलेली मी खाली येईपर्यंत खिडकी उघडून बसले होते. जानेवारीत साताऱ्याला दात वाजतात आणि इथं दहा वाजता मानेला घाम. पनवेल ओलांडून आम्ही आधी खारघरला गेलो. तिथं ओवे गावाच्या अंगाला एका उंच इमारतीत केतन राहतो. वय तीस, कॉम्प्युटरमधली नोकरी, आणि मंडळातला सगळ्यात हुशार. त्याच्या बाराव्या मजल्यावरून खाली ओव्याची जुनी कौलं दिसतात आणि समोर हात लांब केला तर लागेल अशी पुढची इमारत.

केतननं चहा केला आणि भिंतीवर चिकटवलेला कागद दाखवला. त्यावर रुळांची वळणं, विजेच्या तारांचे खांब आणि पेन्सिलीनं काढलेल्या सावल्या होत्या. फोटोच्या जागी तो चार रविवार ओळीनं जाऊन आला होता. कोणत्या खांबाची सावली चार वाजता कुठं पडते, हे त्यानं मोजून ठेवलं होतं.

"काकू, फ्रेम एकदम क्लीन मिळणार," तो म्हणाला. "चारला सन आपल्या पाठीमागे. फक्त एक प्रॉब्लेम आहे. फील्डमधून बघितलं तर खांबाची शॅडो बरोबर इंजिनच्या तोंडावर येते. म्हणून आम्ही जरा पुढे जाऊ, अप लाईनवर."

"म्हणजे रुळांवर."

"पाचच मिनिटं. इंजिन डाऊन लाईननं येणार, पलीकडच्या. अलीकडची अप लाईन रिकामी असते. साडेतीनची लोकल पॅसेंजर गेली की साडेचारपर्यंत तिच्यावर काही नाही. तोंडपाठ आहे माझं. आणि स्पेशल गाडी असली की मालगाड्या साइडला घालतात."

तोंडपाठ आहे म्हणणाऱ्या मुली परीक्षेत कुठं अडतात हे मला माहीत आहे. पण दुसऱ्याच्या घरी चहा पिताना किती बोलायचं? मी अरविंदांकडे बघितलं. ते कागदावरच्या अप लाईनवर बोट ठेवून बसले होते. ते बोट मला आवडलं नाही.

जेवायला पनवेलात थांबलो. स्टेशनजवळच्या एका खानावळीत तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि सोलकढी मिळाली. आमच्याकडे भाकरी म्हणजे ज्वारीची, थापताना आवाज होणारी. ही पांढरी भाकरी इतकी मऊ की घडी करून खिशात ठेवता येईल. मी तीन खाल्ल्या. बाहेरच्या चहावाल्या चाचांना मी विचारलं, इंजिन कुठं उभं आहे.

"यार्डात आहे, मॅडम. कालपासून आहे. पण कुणाला सोडत नाहीत तिकडे, सख्त बंदोबस्त आहे," ते म्हणाले. "त्या पुलावर जा. धूर तरी बघा."

पुलावर गेलो. मालडब्यांच्या रांगेपलीकडे धुराची एक बारीक रेघ वर चढत होती, बाकी काही नाही. अरविंद जाळीला दोन्ही हातांनी धरून उभे राहिले. त्यांनी नाक वर करून वास घेतला. मी म्हटलं, "काय?" ते म्हणाले, "कोळसाच आहे." मला एकाएकी त्यांची फार दया आली. एवढ्याशा धुरावर माणूस खूष होतो आणि आपण त्याला शिस्त लावायला फक्की घेऊन आलोय, असं वाटलं. पण फक्की मी डिकीतच ठेवली, टाकून दिली नाही.

दोन वाजता आम्ही कोन गावाच्या पुढं वळलो. जागेचं नाव सांगत नाही. जागा कुणाला सांगायची नाही असा मंडळाचा दंडकच आहे, आणि या वेळी तो मलाही पटतो. डांबरी रस्ता संपला, मातीचा लागला, तो एका वालाच्या शेताशी थांबला. शेताच्या एका अंगाला नवाकोरा तीन मजली बंगला, दारात पांढरी मोठी गाडी. दुसऱ्या अंगाला रेल्वेची खडी आणि दोन रूळजोड्या. लांब कर्नाळ्याचा सुळका आभाळात अंगठा दाखवत उभा. मंडळाचे आणखी पाच जण आधीच येऊन तिवया लावत होते. आम्ही तिघं धरून आठ.

शेताची मालकीण चांगुणाबाई बांधावर बसून वालाच्या शेंगा खुडत होत्या. सत्तरीच्या, कासोटा घातलेलं लुगडं, कपाळावर मोठं गोंदण. बंगला मुलाचा, आणि एवढं शेत तेवढं त्यांनी हट्टानं विकू दिलेलं नाही, हे त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं.

"वालान पाय देवाचा (द्यायचा) नाय," त्या म्हणाल्या. "बाकी कुठं पन रावा. कनची गाडी बगाया आयलाव?"

"कोळशाच्या इंजिनाची," मी म्हटलं.

"ती? ती लय काली. माजं लगीन झालं तवा व्हती. दोरीवरची कापरं (कपडे) काली करून जायाची. तिला बगाया सातारशी आयलाव?"

"मी नाही, हे आले. मी यांना बघायला आले."

त्या हसल्या आणि त्यांनी मला शेजारी बसायला जागा करून दिली. माणसं जोडायला मला वेळ लागत नाही, पण इतक्या लवकर कुणी जोडून घेतल्याचं आठवत नाही.

मी कामाला लागले. वालाची शेवटची ओळ आणि खडी यांच्यामध्ये सहा-सात हात मोकळं गवत होतं. त्या गवतातून मी ऐंशी पावलं लांब पांढरी रेघ मारली, सरळ, दोरी लावून. मग सगळ्यांना बोलावलं आणि सांगितलं, "या रेघेच्या पुढं कुणी जायचं नाही." मोठमोठ्या नोकऱ्यांतली माणसं, पण मान खाली घालून ऐकत होती. केतन तेवढा गालात हसत होता.

"अप लाईनवर काही येणार नाही, काकू," तो पुन्हा म्हणाला.

"मालगाडी?" मी म्हटलं.

"नाही ना येणार."

चांगुणाबाई शेंगा निवडता निवडता म्हणाल्या, "मालगाडीला कनचा टाइम हाय? ती आली का आली. आमची म्हस गेली ती अशीच गेली."

केतननं त्यांना मोबाइलवर काहीतरी दाखवलं, सगळ्या गाड्यांच्या वेळा असलेलं. त्यांनी ते कौतुकानं बघितलं आणि विचारलं, "यान म्हस दिसतंय का?" सगळे हसले आणि विषय तिथंच राहिला.

साडेतीनची पॅसेंजर केतनच्या वेळेवर आली आणि गेली. मंडळात एकदम उत्साह आला. पंधरा मिनिटांनी कुणीतरी ओरडलं, "धूर, धूर." सगळे कॅमेऱ्यांना डोळे लावून ताठ. मीही उभी राहिले. धूर होता खरा, पण तो रुळांवरून येत नव्हता. चांगुणाबाईंचा मुलगा बंगल्यामागच्या वावरात पोपटी लावत होता. पोपटी म्हणजे मडक्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, कोंबडी भरायची, तोंडाला भांबुर्ड्याचा पाला (रानातला वासाचा झुडपी पाला) कोंबायचा, मडकं उपडं घालायचं आणि भोवती जाळ करायचा. हिवाळ्यात इकडे ती घरोघर होते. दोघांनी तर त्या धुराचे फोटोही काढले होते. मी बरेच दिवसांत इतकी हसले नव्हते.

हसता हसता माझ्या लक्षात आलं, अरविंद जागेवर नाहीत.

ते पनवेलच्या बाजूला साठेक पावलं पुढं जाऊन एका बाभळीखाली उभे होते. रेघेच्या आतच, वालाच्या कडेला. पण कॅमेरा गाडीतच. तिवई मिटलेली. आणि तोंड आमच्याकडे. इंजिन येणार होतं त्यांच्या मागून. आता ज्यांना हे शास्त्र ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, या मंडळींत सगळ्यात मोठं पाप म्हणजे दुसऱ्याच्या फोटोत उभं राहणं. रुळांवर गेलात तर कुणी बोलणार नाही, पण चौकटीत आलात तर जन्माचं वैर. आणि अरविंद, मंडळातले सगळ्यात जुने आणि शिस्तीचे, सहाही जणांच्या चौकटीत ऐन मध्ये नसले तरी कडेला ठळक उभे होते.

"काका, फ्रेममध्ये येताय," केतन ओरडला.

"मी इथंच बरा आहे," ते म्हणाले.

"काका, प्लीज. चार रविवार घालवलेत."

"इथंच बरा आहे."

 मला वाटलं, समजलं. हे आमच्यापासून लांब गेलेत ते एवढ्यासाठीच. इंजिन जवळ आलं की रुळांवर धावणार, आणि मी साठ पावलं मागं. मी चांगुणाबाईंना म्हटलं, "बाई, मी जरा यांच्याजवळ जाते." आणि बांधावरून उठले. तेवढ्यात शिट्टी झाली.

इंजिनाची शिट्टी मी लहानपणी ऐकली असणार, पण ती विसरले होते. आताच्या गाड्यांचा भोंगा कानावर आदळतो. ही शिट्टी आधी खाली सुरू झाली, मग वर गेली, मग लांबत राहिली, आणि माझ्या छातीत कुठंतरी जाऊन थांबली. वळणावरून आधी धूर आला, पांढरा आणि काळा एकत्र, तारांच्या वर फुगत. मग त्याच्या खाली इंजिन. काळं, वाटलं होतं त्याहून उंच, पुढं लाल पट्टी, आणि बाजूचे ते दांडे पुढं-मागं, पुढं-मागं. जमीन हलत होती. आवाजात ताल होता, चार ठोक्यांचा, आणि एकतीस वर्षं कवायत घेतलेल्या माझ्या पायांनी तो ताल उचलला. डोळ्यांत पाणी कसं आलं ते कळलं नाही. मी अरविंदांना विसरले, फक्कीला विसरले, कशाला आले होते ते विसरले. मला फक्त ते जवळून बघायचं होतं.

मग दुसरी शिट्टी झाली. बारीक, कर्कश, तीन वेळा तुटक. ती माझी शिट्टी होती.

तीन तुटक म्हणजे आहात तिथून मागं. एकतीस वर्षं मी ती वाजवली, आणि आपल्यालाच ती कधी ऐकायला लागेल असं स्वप्नातही आलं नव्हतं. माझे पाय आपोआप मागं आले. मागं येताना खाली बघितलं तेव्हा कळलं की मी खडीवर होते, आणि माझा एक बूट अप लाईनच्या स्लीपरच्या टोकावर होता. माझ्या उजव्या हाताला, रुळांच्या ऐन मध्ये, केतन आणि दुसरे दोघं कॅमेरे लावून बसले होते. समोर बाभळीखाली अरविंद, शिट्टी तोंडात, दोन्ही हात वर करून आम्हाला बाजूला सारत होते. त्यांची नजर आमच्यावरही नव्हती, आमच्या मागं होती.

मी वळून बघितलं. पेणच्या बाजूनं, अप लाईनवर, विजेचं इंजिन येत होतं. त्याचा भोंगा वाजतच असणार, पण वाफेच्या इंजिनाच्या आवाजात तो कुणाला ऐकू आला नव्हता. मी केतनची कॉलर धरली. खरंच धरली, शाळेत धरायचे तशी. बाकीचे दोघं अरविंदांच्या चौथ्या शिट्टीला उठले. आम्ही चौघं वालाच्या ओळींत पडलो आणि मालगाडी आमच्यासमोरून गेली.

ती रिकामी होती. कंटेनर उतरवून परत चाललेल्या सपाट वाघिणी, म्हणजे मालडबे, एकामागून एक. त्यांच्या पलीकडून, उलट दिशेनं, वाफेचं इंजिन गेलं. चाकं झाकलेली, वरचा अर्धा भाग दिसत होता, कंबरेइतक्या पाण्यातून म्हैस जावी तसा. ड्रायव्हरनं डोक्याला फडकं बांधलं होतं. त्यानं आमच्याकडे बघून हात केला आणि पुन्हा एकदा ती लांब शिट्टी दिली. गरम राखेचे बारीक कण माझ्या हातावर पडले. शेवटचा डबा गेला. शेवटच्या वाघिणीबरोबर सगळं शांत झालं, आणि बांधावरून चांगुणाबाईंचा आवाज आला, "काली ती कालीच हाय."

अरविंद शेतातून चालत आले.  बोट करून त्यांनी आम्हाला मोजलं. आठवे ते स्वतः, म्हणून सातापर्यंत. मग पुन्हा मोजलं. मग माझ्याजवळ येऊन म्हणाले, "तू कुठं होतीस, नलू?"

"रुळावर," मी म्हटलं. खोटं बोलायचं सुचलंही नाही.

ते माझ्या शेजारी वालातच बसले. केतन उठून बसला. तो "सॉरी, काका" म्हणाला, मग चांगुणाबाईंकडे बघून "सॉरी, आजी" म्हणाला, आणि मग रडला. चांगुणाबाईंनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि मोडलेल्या वालाच्या वेलांकडे बघितलं. बोलल्या एवढंच, "उठ आता. पोपटी झाली आसल."

उठताना मी माझी रेघ बघितली. ऐंशी पावलांची रेघ तीन ठिकाणी मोडली होती. दोन ठिकाणी मंडळाच्या बुटांनी. तिसऱ्या ठिकाणी कॅनव्हासच्या छोट्या बुटाचा ठसा होता, साडेपाच नंबरचा. मोहनला मी दोन वर्षं मनातल्या मनात बोल लावत होते. अक्कल घरी ठेवून रुळावर कशी जातात ही माणसं? आता मला कळलं कशी जातात. घरून निघताना अक्कल बरोबर असते. ती शिट्टीपाशी सुटते. मोहनची मी तिथं उभ्याउभ्या माफी मागितली.

पोपटीचं मडकं फोडल्यावर जो वास आला तो मी साताऱ्यात वर्णन करून सांगते तेव्हा कुणाला कळत नाही. ओवा, धूर आणि भाजलेल्या शेंगांचा मिळून तो असतो. केळीच्या पानावर आम्ही सगळे गोल बसून खाल्ली. केतननं कॅमेरा काढला आणि सगळ्यांना एक फोटो दाखवला. रुळांवरून उठायच्या आधी बोट दाबलं गेलं होतं म्हणे. इंजिन वळणावरून पूर्ण बाहेर आलेलं, धूर फुललेला, खांबाची सावली कुठंच नाही. आणि डाव्या कडेला बाभळीखाली, इंजिनाकडे पाठ करून, गाल फुगवून शिट्टी वाजवणारा सहासष्ट वर्षांचा माणूस.

"काका फ्रेममध्ये आले," केतन म्हणाला. कुणी हसलं नाही. त्यानं मान खाली घालून हळूच विचारलं, "काका, तुम्ही इंजिन बघितलंच नाही?"

"माझं लक्ष तुमच्याकडे होतं. शेवटच्या डब्याचा पिवळा एक्स तेवढा बघितला," अरविंद म्हणाले.

निघताना चांगुणाबाईंनी मला पदराआडून शेंगांची पिशवी दिली. मी मोडलेल्या वालाबद्दल दिलगिरी व्यक्त केली, तर म्हणाल्या, "वाल काय, परत व्हतंय. तुमी परत या. रेघ माराया या."

घाट चढायला लागलो. हवेत पुन्हा गारवा आला तशी मी स्वेटर घातला. मग मी विचारलं, "सकाळपासून ठरवलं होतं तुम्ही?"

"दोन वर्षांपासून," ते म्हणाले. गाडी चालवत होते, नजर रस्त्यावर. "त्या दिवशी आम्ही पाच जण होतो, नलू. आणि पाचही जण एकाच बाजूला बघत होतो. एकजण उलटा उभा असता तर मोहन आज आपल्या मागच्या सीटवर बसून घोरत असता. पुन्हा गेलो तर उलटं उभं राहायचं, एवढं ठरवलं होतं. तुझ्याशिवाय जायचं धाडस नव्हतं, आणि तुला सांगितलं असतं तर तू मला जाऊच दिलं नसतंस."

 चाळीस वर्षं ज्या इंजिनाची वाट बघितली ते पाठीमागून गेलं, आणि या माणसानं मान वळवली नाही. मला त्यांचा अभिमान वाटला, आणि तो मी त्यांना तोंडावर सांगितला. अडतीस वर्षांत मी असं फारदा केलेलं नाही, त्यामुळे ते गडबडले आणि विनाकारण इंडिकेटर दिला.

"आता सांग," ते म्हणाले. "पहिल्यापासून. वळणावर आधी काय दिसलं?"

मी सांगितलं. धूर, लाल पट्टी, दांडे, चार ठोक्यांचा ताल, डोक्याला फडकं बांधलेला ड्रायव्हर. पुण्याच्या बाहेरच्या रस्त्यापर्यंत मी सांगत होते. ते मध्येच थांबवून विचारत, दांडे वर होते की खाली, शिट्टी किती लांब, वाफ बाजूनं सुटली का. मला जे कळलं नव्हतं तेही त्यांच्या विचारण्यातून मला दिसायला लागलं.

धूर मंडळावर दुसऱ्या दिवशी केतननं नवा नियम टाकला. यापुढं रुळांवर कुणी जाणार नाही, आणि प्रत्येक फेरीला एकजण कॅमेरा न आणता येईल. तो इंजिनाकडे पाठ आणि सगळ्यांकडे तोंड करून उभा राहील, आणि कुणाच्या फोटोत तो आला तर त्याबद्दल कुणी अवाक्षर काढणार नाही. त्याला नाव दिलंय 'पाठमोरा'. खाली लगेच हात वर केलेल्यांची रांग लागली. पुढच्या हिवाळ्यात अशीच गाडी पुन्हा येईल अशी कुणकुण आहे. खात्री नाही, पण पाठमोऱ्याच्या जागेवर मी अरविंदांच्या मोबाइलवरून माझं नाव घालून टाकलं.

ते बघून ते म्हणाले, "मग तुला इंजिन दिसणार नाही."

"नको दिसू दे," मी म्हटलं. "घाटात तुम्ही सांगा."